स्वस्त घराच्या फाटकावरचा कागद

बल्गेरियात, वेलिको तिर्नोवो शहराच्या उत्तरेला, डॅन्यूबच्या मैदानाकडे उतरत जाणाऱ्या मुलुखातल्या एका खेड्यात मी एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर घर बघायला गेलो होतो. घर त्यांना घ्यायचं होतं, मी नुसता सोबतीला. खाली दगडी बांधणी, वर विटांच्या दोन खोल्या, लाल कौलं, अंगणात अक्रोडाचं झाड आणि द्राक्षाचा मांडव. दलालाने पाठवलेल्या फोटोंत हे सगळं होतं. नव्हता तो फाटकावरचा कागद. वहीच्या पानाएवढा, काळ्या चौकटीचा, वर एका म्हातारीचा फोटो आणि खाली चार ओळी. बल्गेरियात माणूस गेलं की घरचे असा कागद छापून फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. त्याला 'नेक्रोलॉग' म्हणतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा, आणि पुढेही. त्या गल्लीत अकरा फाटकं होती, त्यांतल्या सातांवर असे कागद होते. दलालाने फोटो काढताना कॅमेरा जरासा डावीकडे वळवला होता, एवढंच.

घराची किंमत पश्चिम युरोपात एखाद्या बऱ्यापैकी जुन्या गाडीला पडेल तेवढी. आमचे गृहस्थ हरखून गेले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. इतक्या पैशात अक्रोडाचं झाड तरी कुठे मिळतं? पण परत येताना गाडीत मी त्या सात कागदांचाच विचार करत होतो. स्वस्त परदेशाची ओढ, तिथे सुट्टी घालवण्याची आणि मग तिथेच एखादं छप्पर घेऊन टाकण्याची, ही साधी हौसेची बाब म्हणून आपण सोडून देतो. मला ती तशी वाटत नाही. बल्गेरियाचं उदाहरण घेतो, कारण ही ओढ तिथे किनाऱ्यावर, डोंगरात आणि खेड्यात अशी तिन्हीकडे पूर्ण फिरून गेली आहे आणि तिच्या खुणा उघड्यावर पडल्या आहेत.

आधी सुट्टीचं बोलू, कारण त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ब्रिटनचं पोस्ट ऑफिस दरवर्षी परदेशी सुट्टीच्या खर्चाची तुलना करतं. त्या यादीत काळ्या समुद्रावरचं सनी बीच सर्वांत स्वस्त म्हणून एकदा नव्हे, अनेकदा आलं आहे. लांबरुंद वाळू, उथळ समुद्र, आणि चालत जाण्याच्या अंतरावर नेसेबर. प्राचीन काळी त्याचं नाव मेसेंब्रिया. समुद्रात शिरलेला छोटासा भूभाग, जमिनीला एका अरुंद पट्टीने जोडलेला, त्यावर विटा आणि दगडांच्या थरांची मध्ययुगीन चर्चं. १९८३पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. हॉटेलात आठवडाभर राहावं, खावं-प्यावं, पैसे मोजावेत आणि निघावं. असा पाहुणा देशाला चार पैसे देतो, ऑगस्टमध्ये गर्दी करतो आणि सप्टेंबरात विसरला जातो. व्यवहार तिथल्या तिथे मिटतो.

घराचा व्यवहार तिथल्या तिथे मिटत नाही. माझं म्हणणं असं, की सुट्टीसाठी जे आकर्षण असतं तेच घरासाठी धोक्याचं असतं, आणि ते देशालाही जड जातं. पण त्यासाठी ही स्वस्ताई आली कुठून, ते पाहावं लागेल.

सनी बीचची उभारणी १९५८मध्ये सुरू झाली. साम्यवादी सरकारची 'बाल्कनतुरिस्ट' ही संस्था तेव्हा पर्यटनाचा सगळा कारभार बघायची, आणि पूर्व युरोपातली कामगार कुटुंबं उन्हाळ्यात इथे यायची. ती राजवट कोसळल्यानंतर देशाची अर्थव्यवस्था लडखडत राहिली आणि १९९६-९७मध्ये बँका एकामागून एक बुडाल्या. फेब्रुवारी १९९७ या एका महिन्यात किमती २४० टक्क्यांहून अधिक वाढल्या. वर्षात नव्हे, महिन्यात. लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवींचे कागद झाले. जुलै १९९७मध्ये लेव्ह हे चलन जर्मन मार्कला बांधून टाकण्यात आलं, पुढे युरोला. एका युरोला १.९५५८३ लेव्ह हा दर नंतर पाव शतकाहून अधिक काळ तसूभर हलला नाही. परदेशी गिऱ्हाइकाला हवा असतो तो नेमका हाच मेळ. मजुरी गरीब देशाची आणि चलन श्रीमंत देशाचं. नुसता गरीब देश त्याला नको असतो, कारण तिथे पैसे रात्रीतून विरघळू शकतात.

घरं रिकामी होण्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. १९८४-८५च्या हिवाळ्यात सरकारने तिथल्या तुर्की वंशाच्या नागरिकांची नावं सक्तीने बदलून बल्गेरियन केली. १९८९च्या उन्हाळ्यात सीमा उघडली आणि तीन लाखांहून अधिक माणसं तुर्कस्तानात निघून गेली, तंबाखूचं पीक शेतात उभं टाकून. अधिकृत भाषेत ते पर्यटनासाठी बाहेर पडले होते, म्हणून त्या निर्गमनाला आजही 'मोठी सहल' म्हणतात. पर्यटन या शब्दाची इतकी क्रूर थट्टा मी दुसरीकडे ऐकलेली नाही. काही परतले, बहुतेक नाही. मग २००७मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि उरलेल्या तरुणांना जर्मनी, स्पेन, ब्रिटनचे रस्ते टप्प्याटप्प्याने मोकळे झाले. १९८९च्या सुमारास सुमारे नव्वद लाखांची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत पासष्ट लाखांवर आली होती. आज तिथल्या तीनांतल्या किमान एका घरात कोणी राहत नाही.

तर 'बल्गेरियात घरं स्वस्त आहेत' या वाक्यात एवढं सगळं दडलेलं असतं. मागणी कमी आणि पुरवठा जास्त, असं अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. फक्त मागणी कमी का झाली, ते फाटकावर चिकटवलेलं असतं.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. २००३-०४पासून पाचेक वर्षं ब्रिटिश आणि आयरिश खरेदीदारांनी या देशाकडे धाव घेतली. पुढे रशियन आले. ते मुख्यतः स्वेती व्लास, पोमोरिये, नेसेबर या किनारपट्टीत. ब्रिटिशांपुढे पहिलीच अडचण घटनेची होती, कारण परदेशी माणसाला बल्गेरियात जमीन घेता येत नसे. इमारतीतला फ्लॅट चालायचा. घराभोवतीच्या वीतभर अंगणाला मनाई. तोडगा असा निघाला की बल्गेरियात कंपनी काढायची आणि जमीन कंपनीच्या नावावर घ्यायची. टोमॅटोची चार रोपं लावायला माणूस कंपनीचा संचालक व्हायचा आणि दरवर्षी शून्य उलाढालीचे कागद भरायचा. संघात प्रवेशानंतर पाच वर्षांनी, २०१२मध्ये युरोपीय नागरिकांची ही कटकट संपली. ब्रेक्झिटने ब्रिटिशांना पुन्हा तिथेच आणून सोडलं, वर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या मुलुखाचा नियम आहेच. १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहायचं तर वेगळा व्हिसा काढा. आपल्याच घरात किती दिवस राहायचं हे परके कायदे ठरवणार, हे घर घेताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

किनाऱ्यावरच्या फ्लॅटांची कथा याहून बोधक आहे. बल्गेरियात बांधकामाच्या टप्प्यांना आकडे आहेत. सांगाडा उभा राहिला की 'अक्त १४'. काम पूर्ण झालं आणि बिल्डरने ते मालकाच्या हाती दिलं की 'अक्त १५'. आणि वापराची परवानगी, म्हणजे आपण ज्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतो ते, 'अक्त १६'. त्या काळात नकाशावरूनच फ्लॅट विकले जात आणि हप्ते या आकड्यांना बांधलेले असत. २००८मध्ये जगभरचा पैसा आटला आणि कित्येक इमारती चौदा आणि सोळाच्या मध्ये अडकल्या. लोक राहायला गेले, पण वीज बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवरची. अशा घराला कायद्याच्या लेखी घर म्हणता येत नाही. ते नीटपणे भाड्यानेही देता येत नाही आणि विकायचं तर जाणता गिऱ्हाईक पहिला प्रश्न सोळाचाच विचारतो.

ज्यांना अक्त १६ मिळालं त्यांच्यापुढे दुसरंच ताट वाढून ठेवलेलं होतं. पोहण्याचा तलाव, स्वागतकक्ष, बाग, आतले रस्ते हे सगळं जाहिरातीत 'आपलं' होतं. खरेदीखतात बहुधा ते बिल्डरच्याच नावावर राहिलेलं असे, आणि बऱ्याचदा बँकेकडे गहाण. बिल्डर बुडाला की तलाव बँकेचा. मग नवा मालक येऊन देखभालीचा दर ठरवणार आणि तो न भरणाऱ्याला तलावाकडे फिरकू देणार नाही. फ्लॅट तुमचा, पण फ्लॅटपर्यंत जाणारी वाट दुसऱ्याची. मी नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी सनी बीचच्या मागच्या रांगेत अशा एका संकुलासमोर उभा होतो. सहा मजले, मोजून दोन खिडक्यांत उजेड. रिकाम्या तलावाच्या तळाशी पानं आणि एक उलटी पडलेली प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर मांजर. फाटकाच्या काचेला आतून एक यादी लावली होती, देखभाल थकवलेल्या फ्लॅटांचे क्रमांक. यादी दोन पानांची होती.

हिशेब करून बघा. पन्नास चौरस मीटरचा फ्लॅट धरा, देखभाल चौरस मीटरला दहा युरो धरा, म्हणजे वर्षाला पाचशे. हा दर तिथे काही नवलाचा नाही. मालक वर्षातून वीस दिवस येतो. दिवसाला पंचवीस युरो झाले, ते वीज, पाणी, विमा, घरपट्टी, विमानाचं तिकीट आणि हिवाळ्यात ओल धरून निघालेला रंग यांच्या आधी. घर घ्यायला गुंतवलेल्या रकमेचं व्याज तर धरलंच नाही. सर्वांत स्वस्त म्हणून गाजलेल्या किनाऱ्यावर हंगामाच्या कडेला हॉटेलची खोली याच्या आसपास मिळते, आणि तिथे चादर दुसरं कोणी बदलतं.

पण माझा मुख्य आक्षेप या हिशेबावर नाही. हौसेला मोल नसतं, हे मान्य. आक्षेप इच्छेतल्या विसंगतीवर आहे. स्वस्त देशात घर घेणाऱ्याला दोन गोष्टी एकदम हव्या असतात. तो राहील तोवर देश स्वस्त राहावा आणि तो विकेल तेव्हा महाग झालेला असावा. जेवण, न्हावी, गवंडी आजच्या दरात आणि घर उद्याच्या दरात. देश स्वस्तच राहिला तर त्याचं घर कोणी घेत नाही. शेजारच्या शेकडो एकसारख्या फ्लॅटांशी त्याची स्पर्धा असते आणि जो आधी किंमत पाडेल त्याचा आधी खपतो. २०१४मध्ये रूबल घसरला तेव्हा रशियन मालकांनी विकायला काढले आणि शेजारचे ब्रिटिश मालक हवालदिल झाले, हे त्याच साखळीतलं. आणि देश महाग झाला तर ज्यासाठी आलो तेच संपतं. सुट्टीवर येणाऱ्याला हा पेच नसतो. तो पुढच्या वर्षी अल्बानियाला जातो.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं आणि ते खोटं नाही. परदेशी माणूस आला नसता तर खेड्यातलं ते घर कोसळलंच असतं. त्याने कौलं फेरली, विहीर उपसली, गावच्या दुकानात उधारी न ठेवता सामान घेतलं. शाळा बंद पडलेल्या गावात एखादं ब्रिटिश जोडपं बारमाही राहतं आणि शेजारच्या आजीला दवाखान्यात गाडीने नेतं. असे लोक आहेत, मी त्यांच्याकडे चहा प्यायलो आहे. पिरिन पर्वतातल्या बान्स्कोची गोष्ट तर याहून चांगली. स्कीइंगच्या भरात तिथे इतके फ्लॅट बांधले गेले की निम्मा गाव कुलपात होता. त्याच पडून राहिलेल्या, मातीमोल फ्लॅटांमुळे गेल्या दहाएक वर्षांत लॅपटॉपवर काम करणारी मंडळी तिथे आली, थांबली, आणि हिमहंगामाबाहेरही गावात जाग राहू लागली.

मात्र या उदाहरणांत काम केलं ते राहण्याने. खरेदीखताने नव्हे. बान्स्कोत येणारे बरेचसे भाड्याने राहतात. आजीला दवाखान्यात नेणारं जोडपं घर भाड्याचं असतं तरी तिला घेऊन गेलंच असतं. उलट कुलूपबंद फ्लॅटाचा मालक गावाला काय देतो? इथे सरकारचा दोष मला जास्त दिसतो. बल्गेरियात स्थावर मालमत्तेवरचा वार्षिक कर कराच्या मूल्यांकनाच्या हजारात सहसा ०.१ ते ४.५ या मर्यादेत नगरपालिका ठरवतात, पर्यटनस्थळांतल्या राहत्या किंवा भाड्याच्या नसलेल्या घरांना फार तर सातपर्यंत, आणि ते मूल्यांकन बाजारभावाहून बरंच कमी असतं. म्हणजे वर्षातले अकरा महिने घर बंद ठेवण्याची शिक्षा जवळपास शून्य. नेसेबरच्या पालिकेला मात्र पाणी, गटार आणि कचऱ्याची व्यवस्था ऑगस्टच्या गर्दीच्या मापाने उभारावी लागते आणि फेब्रुवारीत ती पांढऱ्या हत्तीसारखी पोसावी लागते. राहत्या घराला तिथे करात सवलत आहे, ती ठीकच. तिची दुसरी बाजूही तितकीच ठळक हवी. वर्षातले ठरावीक दिवस ज्या घरात वीज-पाणी वापरलं जात नाही त्यावर कर चढा हवा, मालक सोफियाचा असो की मँचेस्टरचा. गुंतवणूकदार पळून जातील अशी भीती लगेच घातली जाईल. जो गुंतवणूकदार घर बंद ठेवण्यासाठीच घेतो, तो पळाला तर गावाने काय गमावलं?

आणि काय गमावून ही बांधकामं झाली, तेही बघा. २००७मध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या स्त्रांजा निसर्ग उद्यानाचा संरक्षित दर्जाच न्यायालयाने रद्द केला होता. वाद उद्यानातल्या एका सुट्टी-संकुलाच्या बांधकामावरून सुरू झाला होता. सोफियात तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा संसदेने कायदा बदलून उद्यान वाचवलं. पिरिन राष्ट्रीय उद्यान जागतिक वारशात आहे, पण २०१०मध्ये यादीतली हद्द वाढवताना बान्स्को आणि दोब्रिनिश्तेचे स्कीइंगचे पट्टे वारशाबाहेर, बफर क्षेत्रात टाकावे लागले, कारण तिथे वारसा म्हणावं असं पुरेसं उरलं नव्हतं. तरी २०१७च्या अखेरीस सरकारने आणखी बांधकामाला वाट करून देणारा निर्णय घेतला आणि जानेवारी २०१८मध्ये पुन्हा मोर्चे निघाले. निसर्गासाठी लढणारी ही मुलं बल्गेरियन होती. ज्यांची बाल्कनी त्या डोंगराकडे तोंड करून होती, त्यांना बहुधा मोर्चाची खबरही नसेल.

हॉटेलांची अवस्था तर अशी की वाढपी मिळेनात. बल्गेरियन तरुण बर्लिनमध्ये ताटं उचलतोय, म्हणून सनी बीचवर ताटं उचलायला किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, नेपाळमधून माणसं आणावी लागतात. आणि सुस्थितीतलं बल्गेरियन कुटुंब उन्हाळ्यात सीमा ओलांडून ग्रीसला, कवाला नाहीतर थासोसला जातं. तिथे समुद्र नितळ, वागणं नीट, आणि एकूण खर्च आपल्यापेक्षा कमीच, असं ते सांगतात. काही जण तिथे घरंही घेतात. म्हणजे स्वस्त परदेशाची ओढ त्यांनाही सुटलेली नाही. २०२२मध्ये युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने याच किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ठेवलं होतं. मे संपत आला तसं त्यांना हलवण्याची घाई सुरू झाली. हंगाम येत होता.

१ जानेवारी २०२६ला लेव्ह गेला आणि युरो आला. शेंगेनची सीमा त्याआधी वर्षभर, जानेवारी २०२५मध्ये जमिनीवरूनही खुली झाली होती. दलालांच्या जाहिरातीत या दोन्ही गोष्टी ठळक अक्षरांत आहेत. त्यांचा सूर 'शेवटची संधी' असा. किमती खरंच पळत आहेत, २०२५मध्ये युरोपीय संघात घरं सर्वांत वेगाने महागणाऱ्या देशांत बल्गेरिया होता. पण ही धाव सोफिया, प्लोवदिव, वार्ना या शहरांची, जिथे नोकऱ्या आहेत. तिथलं किमान वेतन २०२६मध्ये महिना ६२० युरो ठरलं. त्या पगारावर वार्नात घर शोधणाऱ्या मुलीला कोणी 'स्वस्त देश' म्हणून दाखवला तर ती काय म्हणेल, हे मी इथे लिहू शकत नाही. खेड्यातली घरं मात्र अजून जुन्या गाडीच्या किमतीत आहेत, आणि तशीच राहतील असं मला वाटतं. तिथे युरो पोचला, माणूस परत आलेला नाही.

आमच्या गृहस्थांना मी एवढंच म्हटलं, की एक हिवाळा भाड्याने राहून बघा, लाकडं फोडून बघा, मग ठरवा. त्यांना ते पटलं नाही, बयाणा देऊन मोकळे झाले. सौदा मात्र अजून अडलेला आहे. घराला चार वारसदार. एक स्टुटगार्टला, एक वालेन्सियाला, एक शिकागोला, चौथी बहीण बल्गेरियातच, रुसे शहरात. नोटरीसमोर चौघांची संमती लागते. तिघांची मुखत्यारपत्रं आली, वालेन्सियावालीचं येत नाही. दलाल म्हणतो, जास्त पैशासाठी अडून बसली आहे. असेलही. मागच्या महिन्यात गृहस्थ पुन्हा जाऊन आले आणि त्यांनी मला फाटकाचा फोटो पाठवला, या वेळी कॅमेरा सरळ धरलेला. जुना पिवळा पडलेला कागद गेला होता. त्याच म्हातारीचा नवा कागद लावलेला होता, मृत्यूला पाच वर्षं झाल्याचा, आणि चारही कोपऱ्यांची चिकटपट्टी अजून चकचकीत होती.